बटाटा नव्हता, एवढं पुरे?

समाजातल्या सहलींच्या जाहिराती 'जैन भोजनाची सोय' या शब्दांनी सुरू होतात आणि तिथंच संपतात. सम्मेदशिखर असो की हल्लीची नवी हौस, मुंबई-गोवा क्रूझ. परत आलेल्या बाईला कट्ट्यावर पहिला प्रश्न, "अक्का, कांदा-बटाटा नव्हता न्हवं?" नव्हता म्हटलं की झालं. धर्म सांभाळला गेला, पैसे वसूल झाले.

मीही अशी एक फेरी करून आले आहे आणि मला ह्या प्रश्नाचा राग येतो.

मुळात निपाणी-बेळगावच्या माणसानं बोटीनं गोव्याला जाणं हाच एक विनोद आहे. चोर्ला घाट उतरला की तीन-साडेतीन तासांत पणजी. पण आपण उलट्या दिशेनं मुंबई गाठायची, तिथं बोटीत बसायचं आणि समुद्राला वळसा घालून पुन्हा आपल्याच शेजारी येऊन उतरायचं. मुरगाव बंदरात पाच-सहा तास मिळतात. बसनं जुना गोवा, चर्चच्या पायरीवर फोटो, काजूची खरेदी, आणि कुणी मागं राहिलं का म्हणून डोकी मोजत परत. त्या दुपारी हॉटेलात आम्ही जी भाजी खाल्ली ती बहुधा पहाटे बेळगावहूनच ट्रकनं गेलेली. गोव्याच्या बाजारात रोज आपलीच भाजी जाते, हे बेळगावच्या बाईला कुणी सांगायला नको.

पूर्वीही मुंबई-गोवा बोट होती. 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' ही नावं जुन्या माणसांच्या तोंडी अजून येतात. डेकवर वळकटी पसरून चाकरमानी गावी जायचा, वाटेतल्या बंदरांवर लहान होडीत उतरायचा. त्या बोटीला कारण होतं. आजची बोट कुठं जाते? जाते आणि परत येते. समंतभद्र आचार्यांच्या 'रत्नकरंडक श्रावकाचारा'त अनर्थदंड सांगितला आहे. त्यातल्या प्रमादचर्येत माती, पाणी, अग्नी, वारा यांना विनाकारण त्रास देणं तर येतंच, शिवाय विनाकारण भटकणं आणि दुसऱ्याला भटकायला लावणंही येतं. पर्युषणात आपण हे ऐकतो, मान डोलावतो आणि दिवाळीच्या सुट्टीचं बुकिंग करतो.

बोटीवरचा दिवस म्हणजे खाणं. नाश्ता, मग मधलं खाणं, दुपारचं ताट, चारचा चहा, रात्रीचं जेवण आणि त्यानंतरही काही ना काही मांडलेलंच. जैन काउंटर वेगळा, हे खरं. पण सूर्यास्त? समुद्रावर सूर्य बुडताना इतका स्वच्छ दिसतो की 'कळलंच नाही बाई' म्हणायची सोय नाही. आमच्यातल्या बहुतेकांनी त्याचे फोटो काढले आणि मग जेवायला गेले. जेवणाच्या हॉलकडं जायची वाट कॅसिनोवरून. सप्तव्यसनांत जुगाराचं नाव पहिलं आहे, बटाट्याचं त्या यादीत नावही नाही. "नुसतं बघून येतो," म्हणून गेलेले दोघं तासाभरानं आले.

ताटात टाकलेलं अन्न मी पाहिलं. अर्धी पोळी, न शिवलेली खीर, चव बघून सोडलेला ढोकळा. जहाजांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत बारीक केलेलं उष्टं किनाऱ्यापासून 3 सागरी मैलांपुढं आणि न बारीक केलेलं 12 मैलांपुढं समुद्रात सोडायला मुभा आहे. म्हणजे घरी पाणी गाळून प्यायचं, आणि इथं कायदेशीरपणे सगळं पाण्यालाच द्यायचं!

आणि खोली आवरणारी पोरं. दिवसातून दोनदा येतात, टॉवेलचा हत्ती करून ठेवतात, हसतात. जहाजावरच्या कामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार चोवीस तासांत 14 तासांपर्यंत काम चालवून घेतो, आठवड्याला 72 तास. घर महिनोनमहिने दिसत नाही. आपल्याकडच्या एकीनंही त्या पोराला 'जेवलास का रे' विचारल्याचं मला दिसलं नाही. "यात लसूण आहे का" हे मात्र त्याला चारदा विचारलं.

यावर घरातल्या पुरुषांचं उत्तर ठरलेलं: "तुम्हा बायकांनाच तीन दिवस आराम." हे ऐकून मात्र माझं डोकं फिरतं. आराम हवाच आहे. सून सकाळी उठून पाणी गाळते, सगळ्यांची वेगवेगळी वेळ सांभाळते, दिवेलागणीच्या आत सहा जणांचं जेवण उरकावं म्हणून चार वाजल्यापासून चुलीशी उभी असते. आपला रात्रीभोजनत्याग तिच्या कंबरेवर उभा आहे. तिला विश्रांती द्यायला अरबी समुद्र कशाला लागतो? रविवारी मुलानं कुकर लावला, सासऱ्यांनी आपलं ताट आपण घासलं, तर पेट्रोलही लागत नाही. पण तसं केलं की मान जातो, आणि क्रूझचे फोटो टाकले की वाढतो.

प्रवासाला माझा विरोध नाही. बायकांनी घराबाहेर पडावं, एकट्यानं पडावं, असंच मी म्हणत आले. स्तवनिधीच्या यात्रेपलीकडं जग न पाहिलेल्या बायका मला ठाऊक आहेत, आणि त्यांनी समुद्र पाहावा. चोर्ला घाटातून एसटीनं जाऊन पाहावा, पाण्यात पाय बुडवून तास दोन तास नुसतं बसावं. डेकवरून समुद्राला हातही लागत नाही.

पुढच्या महिन्यात महिला मंडळाच्या बैठकीत क्रूझचा विषय आहे. जेवणाचं विचारायला बाकीच्या आहेतच. मी एवढंच विचारणार, की त्या तीन दिवसांच्या पैशात वर्षभर रविवारी स्वयंपाकाला बाई ठेवता येते का, याचा हिशेब कुणी घरी मांडला आहे का.