घोडा 'घेत' नाही

रेसच्या बातम्यांमधलं एक वाक्य मला नेहमी खटकतं. 'अमुक घोडा स्टिरॉइड घेताना सापडला.' अहो, घेताना कसला? बेन जॉन्सनने १९८८ साली सोलला स्टॅनोझोलॉल घेतलं, ते पदकासाठी. तेच औषध घोड्याला टोचलं तर त्याला काय मिळतं? चंदी तर आधीही मिळत होतीच!

२००८ साली अमेरिकेत बिग ब्राऊनने केंटकी डर्बी जिंकली, पाठोपाठ प्रीकनेसही. त्याचा ट्रेनर रिक डट्रो याने बिनदिक्कत सांगून टाकलं की आपल्या घोड्यांना दर महिन्याच्या १५ तारखेला हे इंजेक्शन देतो. वर हेही, की त्याने नेमकं काय होतं ते मला ठाऊक नाही. (आपण दूधवाल्याचे पैसे देताना सुद्धा जास्त चौकशी करतो.) आणि तेव्हा तिथे ते कायद्यात बसत होतं! पुढे बेलमाँटच्या शर्यतीआधी इंजेक्शन बंद केलं होतं आणि घोडा शेवटचा आला. सुई बंद झाली म्हणूनच हरला असं मी म्हणणार नाही, घोडा हरायला शंभर कारणं असतात. पण त्यानंतर तिथली राज्यं एकेक करून बंदी आणू लागली.

आजारातून उठलेल्या घोड्याची भूक वाढावी, अंग भरावं म्हणून हे औषध देतात हे मला मान्य आहे. पण मग ते पथ्यपाण्याचं औषध झालं. धडधाकट, तीन वर्षांच्या, अजून हाडं पुरती पक्की न झालेल्या जनावराला ते कशाला? साडेचारशे-पाचशे किलोचं धूड, आणि पाय बघा केवढेसे! घोडीला दिलं तर ती नरासारखी वागायला लागते, ते वेगळंच.

खरी चीड येते ती एन्के या घोड्याची गोष्ट वाचून. २०१२ साली इंग्लंडमध्ये सेंट लेजर शर्यतीत त्याने कॅमेलॉटला पाऊण लांबीने हरवलं. कॅमेलॉट जिंकता, तर १९७० च्या निजिन्स्कीनंतरचा पहिला ट्रिपल क्राऊन झाला असता. पुढच्याच वर्षी न्यूमार्केटच्या त्या गोडॉल्फिन तबेल्यातले ११ घोडे स्टिरॉइडच्या चाचणीत सापडले. ट्रेनर महमूद अल झरूनीवर ८ वर्षांची बंदी आली. नंतरच्या तपासणीत एन्केही सापडला. शर्यतीच्या दिवशीची त्याची चाचणी स्वच्छ होती, पण ऐकतो कोण? आजही त्याचं नाव निघालं की लोक भुवया उंचावतात. आणि हा बिचारा खुलासा तरी कुठल्या तोंडाने करणार?

म्हणून मला ब्रिटनचा २०१५ चा नियम आवडला. घोड्याला स्टिरॉइड दिलं, मग कारण काही का असेना, तर १४ महिने तो तिथे शर्यतीत धावायचा नाही. खरंच आजारी असेल तर बरा होऊ दे की निवांत. दरम्यान तबेल्याचं बिल मालकाने भरावं!