रोबोट की डॉक्टरांचा हात?

बसल्या जागी छाती एकाएकी धडधडू लागते, नाडी दीडशेच्या वर जाते आणि थोड्या वेळाने आपोआप थांबते. असे वारंवार होत असेल तर हृदयातील विद्युतमार्गात दोष असू शकतो. त्यावर कॅथेटर अ‍ॅब्लेशन हा एक उपाय आहे. जांघेतील शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन दोषाची जागा शोधतात व तेवढाच भाग उष्णतेने निकामी करतात. छाती उघडावी लागत नाही.

हीच नळी आता रोबोटने किंवा चुंबकाच्या साहाय्यानेही फिरवता येते. डॉक्टर दूर बसून काम करतात, त्यामुळे त्यांच्यावरील क्ष-किरणांचा मारा कमी होतो. पण रुग्णाला गुण येण्याचे प्रमाण दोन्ही पद्धतींत साधारण सारखेच आढळले आहे. कोठे भाजायचे हे शेवटी डॉक्टरच ठरवतात. म्हणून केवळ ‘रोबोट’ या शब्दापायी शेत गहाण टाकू नये. अशा किती केसेस केल्या, हे डॉक्टरांना निःसंकोच विचारावे.

आणि धडधड चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढून घ्यावा. त्याची झेरॉक्स जपावी. मूळ कागद पुसट होत जातो. चक्कर आली किंवा छातीत दुखले, तर मात्र थेट रुग्णालय गाठावे.