भेग बुजवण्याआधी

कॉलेजात आमच्याबरोबर सिव्हिलला असलेला एक मित्र सध्या पीएचडी करतोय. विषय : काँक्रीटच्या इमारतींची हालचाल आणि त्यांना पडणाऱ्या भेगा. ग्रुपमधले बाकी सगळे आयटीवाले (मी पण त्यातलाच), त्यामुळे ठरलेला विनोद असा की "चार वर्षं झाली, अजून भिंतीकडेच बघतोयस का रे?" माझं म्हणणं एवढंच की ज्यांनी वीस वर्षांचं होमलोन डोक्यावर घेतलंय त्यांनी तरी या माणसाला हसू नये.

आपण काँक्रीटला दगड समजतो. पण ते हलतं. आतलं पाणी उडत जातं तसं आकसतं, उन्हात फुगतं, रात्री परत आखडतं. साधा हिशोब करा. एका अंशाला लांबीच्या दहा लाखांत साधारण १० भाग वाढ. म्हणजे ३० मीटरचा गच्चीचा स्लॅब ३० अंशांनी तापला तर ९ मिलिमीटर वाढायला बघतो. खालची विटांची भिंत तेवढी वाढत नाही, आणि मग वरच्या मजल्यावरच्या लोकांच्या भिंतींत त्या तिरक्या भेगा दिसतात. शिवाय क्रीप नावाचा प्रकार आहे : कायमच्या भाराखाली काँक्रीट वर्षानुवर्षं हळूहळू दबत, वाकत राहतं.

हे वर्षानुवर्षं प्रकरण किती महागात पडतं याचं उदाहरण इमारतीचं नाही, पुलाचं आहे, पण मित्राने सांगितल्यापासून डोक्यातून जात नाही. पॅसिफिकमधल्या पलाऊ देशात १९७७ साली २४१ मीटर गाळ्याचा काँक्रीटचा पूल बांधला. तो मधोमध हिशोबापेक्षा कितीतरी जास्त, दीड मीटरच्या आसपास, खाली आला. दुरुस्ती झाली, आणि त्यानंतर काही महिन्यांतच, १९९६ मध्ये, पूल कोसळला. दोन माणसं गेली. पुढे तडजोड झाली आणि सगळी तांत्रिक माहिती कुलुपात गेली! जगभरच्या इंजिनिअरांनी ओरडा केल्यावर २००८ मध्ये ती खुली झाली, तेव्हा कुठे बझांट वगैरे मंडळींना आकडे तपासता आले. प्रचलित सूत्रं क्रीप फार कमी धरत होती असं त्यातून दिसलं. म्हणजे बारा वर्षं लॉग फाईल उपलब्ध होती, फक्त कोणाला वाचायला परवानगी नव्हती.

आता आपल्या सोसायट्यांत काय होतं बघा. रंगाचं कंत्राट निघतं. माणूस झोपाळ्यावर लटकून भेग थोडी खोदतो, पुट्टी भरतो, वर दोन हात रंग. पुढची पाच वर्षं कोणी बघत नाही. आमच्या भाषेत याला एक्सेप्शन गिळणं म्हणतात. कोड चालतोय असं वाटतं, आणि एक दिवस सगळंच बसतं.

भेग एकदाच बघून फारसं कळत नाही. बीम आणि विटांची भिंत जिथे भेटतात तिथली भेग बहुधा निरुपद्रवी असते. कॉलममध्ये सळईच्या रेषेत उभी गेलेली, तांबूस डाग असलेली भेग मात्र वेगळीच गोष्ट. आत सळई गंजलीये, गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि बाहेरचं काँक्रीट फोडतो. पहिलीला घाबरून लाखोंची 'ट्रीटमेंट' घेणारे आणि दुसरीवर पुट्टी मारणारे, दोन्ही एकाच कमिटीत सापडतात.

खरा प्रश्न असतो : ती वाढतेय का? हे कळायला वेळ लागतो, म्हणून तर मित्राला चार वर्षं लागतायत. आपल्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट सांगितलंय, त्याहून जुनीला दर तीन वर्षांनी. उत्तम. पण ऑडिटर येतो एक-दोन दिवस. मधल्या पाच वर्षांची नोंद त्याला देणार कोण? भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ, शेजारी तारीख, आणि रुंदी. (०.३ मिलिमीटर म्हणजे जाडसर व्हिजिटिंग कार्डाएवढी. आपलं आयएस ४५६ साधारण तिथवर चालवून घेतं, ओलीच्या जागी ०.२.) मोजायचं दर महिन्याला, एकाच वेळी, सकाळी. दुपारी मोजलीत तर ऊन मोजाल, भेग नाही. कॉलम-बीमची शंका आली तर मात्र महिने मोजत बसू नका, सरळ स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा.

आमच्या सोसायटीत पुढच्या महिन्यात रंगाचं काम निघतंय. मी कमिटीला लेखी दिलंय की पुट्टीआधी सगळ्या भेगांचे फोटो, जागा आणि रुंदी एका वहीत उतरवा, शनिवार-रविवार मी स्वतः करतो. सेक्रेटरी काका म्हणाले, "अरे, पण पावसाच्या आत संपवायचंय ना!" तर येत्या शनिवारी मी बी विंगच्या जिन्यापासून सुरुवात करतोय. टेप धरायला कोणी येणार असेल तर या, चहा माझ्याकडे.