दहन चालेल, सक्ती नको

बीदरजवळ अष्टूरला बहामनी सुलतानांचे घुमट आहेत, कलबुर्गीत ख्वाजा बंदे नवाजांचा दर्गा आहे, हुमनाबादजवळ माणिकनगरला माणिकप्रभूंची समाधी आहे. बसवकल्याण तर बसवण्णांचं गाव. लिंगायत माणूस गेला की त्याला बसवून पुरतात. गावकुसाबाहेरच्या मादिग-मांगांच्या वस्त्यांतही मातीच द्यायची रीत होती. तेव्हा या मुलखात मूठमाती काही जहाजातून उतरलेली नाही. ख्रिस्ती माणसानं दहन स्वीकारलं तर तो अधिक ‘इथला’ वाटेल, असा सल्ला अधूनमधून कानावर येतो. तो देणाऱ्यानं एकदा औराद-भालकीकडे फिरून यावं. इथे पुरणारे शेजारी इतके आहेत की त्या कसोटीला निम्मा गाव परका ठरेल.

म्हणून दफन की दहन हा प्रश्न इथे देशीपणाचा नाही. श्रद्धेचाही तो वाटतो त्यापेक्षा कमी आहे. पण श्रद्धेची बाजू नीट पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण ‘जाळलं तर पुनरुत्थानाच्या दिवशी काय उठणार?’ ही भीती खरी आहे आणि ती बोलून दाखवणारी माणसं घराघरांत आहेत.

या भीतीला चर्चनं फार पूर्वी उत्तर दिलेलं आहे. इ.स. १७७ मध्ये लियों शहरात ख्रिस्ती हुतात्म्यांची प्रेतं जाळून राख ऱ्होन नदीत फेकली गेली, ती मुद्दाम, पुन्हा उठण्याची आशाच मोडावी म्हणून. ती मोडली नाही. मिनुसियस फेलिक्स या लॅटिन लेखकानं आपल्या संवादग्रंथात म्हणून ठेवलं आहे की दहनानं काही नुकसान होईल म्हणून आम्ही पुरतो असं नव्हे. पुरण्याची चाल जुनी आणि चांगली, म्हणून. संत ऑगस्टीननंही तेच सांगितलं: माती न मिळाल्यानं भक्ताचं काही बिघडत नाही, पण देहाचा मान राखणं हे जिवंतांचं काम. शौलाचा देह याबेश-गिलादच्या लोकांनी जाळला आणि मग अस्थी झाडाखाली पुरल्या, ही बायबलमधलीच हकीकत आहे आणि तिथे त्यांना कुणी दोष देत नाही. दुसऱ्या बाजूला खुद्द ख्रिस्त कबरेत ठेवला गेला, आणि पौल करिंथकरांना लिहिताना देहाला पेरलेल्या बीजाची उपमा देतो. शेतकऱ्यांच्या मुलखात ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. दफनाची खरी ताकद इथे आहे. ते नियम म्हणून टिकलं नाही, चित्र म्हणून टिकलं.

रोमन कॅथलिक चर्चनं १८८६ मध्ये दहनावर बंदी घातली, तिचं कारणही मुख्यतः त्या काळच्या युरोपातलं होतं. तिथले काही चर्चविरोधी गट पुनरुत्थान नाकारण्याची जाहीर खूण म्हणून दहनाचा प्रचार करत होते. १९६३ मध्ये बंदी उठली. १९८३ च्या धर्मविधीसंहितेत दफनाची कळकळीची शिफारस आहे. दहनाला मनाई नाही, ते ख्रिस्ती शिकवणीला नाकारण्यासाठी निवडलेलं नसावं एवढीच अट. २०१६ मध्ये व्हॅटिकननं राखेचे नियम घट्ट केले: ती पवित्र जागी ठेवावी, उधळू नये, वाटून घेऊ नये, घरात ठेवू नये. डिसेंबर २०२३ मध्ये त्यात थोडी ढील मिळाली. कलबुर्गी धर्मप्रांत २००५ साली झाला, त्यातल्या कॅथलिकांना हे सगळं लागू आहे. पण बीदर भागातल्या ख्रिस्ती वस्त्यांत मेथडिस्ट बरेच. निजामाच्या राज्यात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मिशनचं काम वाढलं आणि वस्त्याच्या वस्त्या, विशेषतः मादिग समाजातल्या, चर्चमध्ये आल्या. मेथडिस्टांत दहनाला बंदी नाही. तरीही दफनच चालत आलं. ते का, हे धर्मशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही.

ते वस्तीच्या इतिहासात सापडेल, असं मला वाटतं. ज्यांच्या पूर्वजांना गावाबाहेरच्या पडीक तुकड्यात निनावी पुरलं गेलं, त्यांच्या नातवंडांना शहाबादी फरशीवर कोरलेलं आजीचं नाव, तिची तारीख आणि वर एक क्रूस मिळाला. ही लहान गोष्ट नाही. ईस्टरला किंवा २ नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मरणदिनी त्या फरशीपाशी मेणबत्ती लावणाऱ्याला ‘जागा वाचवा, जाळा’ असं सांगणं सोपं आहे. ऐकणाऱ्याला मात्र ते पुन्हा निनावी होण्यासारखं वाटू शकतं.

दहनाच्या बाजूचं म्हणणंही पोकळ नाही. कबर एकदा सिमेंटनं बांधली की ती जागा कायमची गेली. बीदरचं पठार जांभ्याचं, तिथे खड्डा खणणं म्हणजे पहार चालवणं. कलबुर्गीकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात खड्ड्याला पाणी लागतं. पोरं पुण्याला, मुंबईला, हैदराबादला. तिकडे कुणी गेलं तर मृतदेह ॲम्ब्युलन्सनं रातोरात गावी आणायचा खर्च पुढे फेडत बसायचा. अनेक घरांत एक भाऊ चर्चला जातो, दुसरा जात नाही, आणि अंत्यविधीला दोघांनाही खांदा द्यायचा असतो. अशा घरानं दहन निवडलं तर पाळकानं तिथे जाऊन प्रार्थना करावी, तोंड फिरवू नये. मंगळूरला जन्मलेल्या आणि मुंबईच्या कामगारांनी मोठ्या केलेल्या जॉर्ज फर्नांडिस यांचं २०१९ मध्ये दिल्लीत दहन झालं आणि नंतर अस्थी ख्रिस्ती दफनभूमीत ठेवल्या गेल्या. याबेश-गिलादच्या लोकांनी केलं त्याच क्रमानं.

इथवर पारडी जवळपास सारखी आहेत. मला ती एका जागी झुकलेली दिसतात, आणि ती जागा सात-बाराची, इकडच्या भाषेत पहाणीची आहे.

बस्तरमधल्या एका खेड्यात जानेवारी २०२५ मध्ये एक ख्रिस्ती पाळक वारले. मुलाला त्यांना गावातच पुरायचं होतं. गावानं विरोध केला. देह जवळपास तीन आठवडे शवागारात राहिला. २७ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली. एकीनं खासगी जमिनीत पुरू द्यावं म्हटलं, दुसऱ्यानं नेमलेल्या दफनभूमीतच. शेवटी आणखी विटंबना नको म्हणून दोघांनी वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत दफन करण्याचा आदेश दिला. बीदर-कलबुर्गीत अगदी असंच घडतं असं मी म्हणत नाही. पण ज्या खेड्यात आठ-दहाच ख्रिस्ती घरं आहेत आणि त्यांच्या नावावर स्मशानाचा एक गुंठाही नाही, तिथे ‘दहन का करत नाही?’ हा प्रश्न सुधारकाचा राहत नाही. तो जागा न देण्याचं निमित्त होतो. २०२० च्या मार्चमध्ये मुंबई महापालिकेनं कोविडच्या सगळ्या मृतांचं दहनच करावं असा आदेश काढला आणि त्याच दिवशी मागे घेतला. सोयीची गोष्ट सक्तीची व्हायला किती थोडा वेळ लागतो ते तेव्हा दिसलं. उलट त्याच साली केरळमधल्या आलप्पुझाच्या कॅथलिक धर्मप्रांतानं आपण होऊन कोविडमृतांचं दहन चर्चच्या आवारात केलं आणि अस्थी तिथेच पुरल्या. क्रिया एकच, पण दुसरी त्यांनी स्वतः ठरवली होती.

बायबलमध्ये अब्राहामाला कनान देशात मालकीची म्हणून पहिली जमीन मिळते ती सारेच्या कबरेसाठी. हित्ती लोक म्हणतात, तशीच घे. तो ऐकत नाही. चारशे शेकेल रुपं सगळ्यांसमोर तोलून देतो, साक्षीदारांसह व्यवहार पक्का करतो. परक्या मुलखात राहणाऱ्या माणसाला उपकाराची जागा आणि हक्काची जागा यांतला फरक चांगला कळत होता.

म्हणून माझं मत असं. गावठाणात ख्रिस्ती दफनभूमीची नोंद करून देणं हे तहसील कार्यालयाचं काम आहे, आणि ख्रिस्ती लोक दहनही करू शकतात हे ते टाळण्याचं कारण होऊ शकत नाही. चर्चनं आपल्या बाजूनं सिमेंटच्या कबरी थांबवाव्यात. मुंबई-गोव्याकडे काही वर्षांनी कबर उघडून अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि तीच जागा पुन्हा वापरतात. इथे ते सुरू करायला धर्माची अडचण नाही, सवयीची आहे. पुण्यात दहन झालेल्या मुलाच्या अस्थी भालकीत आईच्या कबरेत ठेवता याव्यात, नावही त्याच फरशीवर यावं. आणि हे सगळं माणूस गेल्यावर अंगणात भावाभावांनी भांडत ठरवू नये. बाप्तिस्मा आणि लग्नाची नोंद चर्चच्या रजिस्टरात होतेच. ज्याला आपली इच्छा सांगून ठेवायची असेल त्याच्यासाठी त्यात आणखी एक रकाना आखायला पट्टी आणि पेन पुरतं.