कॅमेरा घेतला, पोती सोडून आलो

मागच्या महिन्यात भंडाऱ्यात एका मोडवाल्याकडे बसलो होतो. बाहेरगावच्या मित्रांसाठी सांगतो, आपल्याकडे जुनी पितळी भांडी मोडीत देतात आणि ती भट्टीत वितळून नवी होतात. भंडाऱ्याला पितळनगरी उगाच म्हणत नाहीत. फुटक्या गुंडांच्या आणि पराती-घंगाळ्यांच्या ढिगात एक जाड गोल चकती दिसली. कडेला बारीक बारीक रेघा आणि आकडे. उचलून पाहिली तर थिओडोलाइटची चकती. अंश कोरलेली पांढरी पट्टी अजून चकाकत होती. दुर्बिणीची नळी, भिंगं, लाकडी पेटी, काहीच नव्हतं.

"बाकीचं कुठं आहे?"

"बाकीचं गेलं ना भट्टीत. काच होती थे फेकली. तुमाले पाह्यजे होतं का गा?"

कुठल्या तरी जुन्या ऑफिसच्या भंगार लिलावातला लॉट होता, एवढंच त्याला माहीत. त्याला दोष देत नाही. तो वजनावर घेतो, वजनावर देतो. चकती मी मोडीच्या भावातच आणली.

आता काही जण म्हणतील, एका यंत्राचं काय एवढं. थोडं सांगू द्या. थिओडोलाइट म्हणजे कोन मोजायचं यंत्र. एक पक्की मोजलेली रेषा घ्यायची, तिच्या दोन टोकांवरून लांबच्या टेकडीकडे पाहायचं, कोन वाचायचे, टेकडी किती दूर ते गणितानं काढायचं. असे त्रिकोणाला त्रिकोण जोडत सगळ्या देशाचा नकाशा झाला. हे काम दक्षिणेतून सुरू करणारा विल्यम लॅम्ब्टन १८२३ मध्ये आपल्या विदर्भातच, हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच आहे. त्याचं मोठं यंत्र जवळपास अर्ध्या टनाचं होतं. पुढं यंत्रं लहान होत गेली आणि तुमसरकडच्या मँगनीजच्या खाणींपासून कालव्यांच्या कामापर्यंत सगळीकडे पोचली. खेड्यातला माणूस त्या सगळ्यांनाच "दुर्बीण" म्हणायचा. डंपी लेव्हल असो की थिओडोलाइट, तिपाई रोवली की पोरं जमायची. दुर्बीणवाले आले म्हणजे रस्ता तरी येणार, नाही तर जमीन तरी जाणार.

वैनगंगेच्या काठच्या लोकांना हे जास्त सांगायला नको. गोसेखुर्दची पायाभरणी १९८८ ची. पण धरण भिंतीच्या आधी कागदावर असतं, आणि कागदाच्या आधी लेव्हलच्या भिंगात असतं. पाणी कुठवर चढेल ती रेषा त्या भिंगातून ठरते. रेषेच्या आतलं घर बुडीत, बाहेरचं कोरडं. अशा एखाद्या लेव्हलमधून आज कोणी पाहिलं तर त्याला नुसता काटा दिसेल, दोन तारा एकमेकींना छेदणाऱ्या. त्या काट्यावर कोणाचं तरी अंगण आलं होतं.

आता माझी गोष्ट, जी मी इथं आजवर लिहिली नव्हती.

मागं कॅमेऱ्यांचा फोटो टाकला तेव्हा तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी "वा सर, काय कलेक्शन" म्हटलं होतं. ४१ कॅमेरे आहेत. बडोद्यात बनलेला आग्फा क्लिक थ्री आहे, जो एके काळी आपल्या मध्यमवर्गाचा पहिला कॅमेरा होता. रशियन झेनिट आहे, वजनानं विटेसारखा. आणि एक यशिका मॅट आहे, दोन भिंगांचा, वरून खाली मान घालून पाहायचा. त्या यशिकाबद्दल सांगायचं आहे.

२०११ मध्ये पवनीकडचा एक जुना स्टुडिओ बंद झाला. फोटोग्राफर वारले होते, मुलाला तिथं मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकायचं होतं. मी गेलो. त्यानं साडेतीन हजार सांगितले, मी घासाघीस करून बावीसशेवर आणला. खूश होतो. निघताना मुलगा म्हणाला, "भाऊ, हे पन घेऊन जा, जागा खाते." कोपऱ्यात दोन पोती होती आणि बिस्किटांचे तीन पत्र्याचे डबे. आत निगेटिव्हच. पाकिटावर पेन्सिलीनं गावाचं नाव, वराचं नाव, तारीख. मी मोटारसायकलवर होतो. म्हटलं, पुढच्या खेपेला नेतो.

पुढची खेप चार महिन्यांनी झाली. एक्स-रेच्या जुन्या फिल्म विकत घेणारा एक जण येऊन पोती घेऊन गेला होता. ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममध्ये चांदी असते, ती काढतात.

यशिकाच्या एका रोलवर बारा फोटो निघतात. ज्याची ऐपत एका रोलची, त्याच्या अख्ख्या लग्नाचे बारा फोटो. हार घालताना एक, मामासोबत एक, आजी उठून बसू शकत असेल तर तिचा एक. तो फोटोग्राफर सायकलनं नदीकाठची गावं फिरायचा. त्या फोटोंमागं भिंती होत्या, तुळशी होत्या, गोठे होते, देवळाचा पार होता. त्यातली काही गावं आज पाण्याखाली आहेत.

दोन-तीन वर्षांनी पुनर्वसनातल्या गावचे एक काका दुसऱ्याच कामानं घरी आले. शेल्फवरचा कॅमेरा पाहून उभेच राहिले. "हा तर त्याईचाच. यानंच काढले आमच्या लग्नाचे फोटो. सामान हलवताना अल्बम भिजला भाऊ, सगळा चिकटून गेला. तुमच्याजवळ थ्या काचा-फिल्मा असतीन ना?"

मी नाही म्हटलं. पोत्यांचं सांगायची हिंमत झाली नाही. चहा पिऊन गेले.

तेव्हापासून कॅमेऱ्यांच्या फोटोंवर कोणी "वा" म्हटलं की बरं वाटत नाही. माझं स्पष्ट मत झालं आहे, आणि ते संग्राहक मित्रांना आवडणार नाही. आम्ही लोकांनी यंत्रं वाचवली आणि त्यांनी जे पाहिलं ते जाऊ दिलं. कॅमेरा कंपनीनं हजारोंनी बनवलेला असतो. यशिका मॅट आजही शोधली तर मिळते. उत्तमोत्तम कॅमेरे पाहायचे तर गुरुग्रामला २०१९ मध्ये मोठं कॅमेरा संग्रहालय झालं आहे, जरूर जा. पण आपल्याकडच्या एखाद्या गावातल्या लग्नाची निगेटिव्ह जगात एकच होती.

त्यात आता रीलचं खूळ. पितळी दुर्बीण दाखवायची, "दीडशे वर्षं जुनी, लंडन मेड" म्हणायचं. अरे बाबा, रुरकीकडे असल्या पितळी दुर्बिणी आजही बनतात, वर लंडनच्या जुन्या कंपनीचं नाव कोरून. अस्सल यंत्रावरच्या रेघा केसासारख्या बारीक असतात, नकलेवरची अक्षरं जाडीभरडी. गंमत पाहा, आपल्याकडे खरी यंत्रं भट्टीत जातात आणि दिवाणखान्यात ठेवायला आपण नकली विकत आणतो!

पुण्याचे दिनकर केळकर आठवतात. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. अडकित्ते, दिवे, दारं, घरोघरच्या अडगळीतल्या वस्तू त्यांनी आयुष्यभर जमवल्या आणि सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. त्यांच्याकडं पाहिलं की वाटतं, आपल्या जिल्ह्यात हे एवढं अवघड का असावं?

कायद्याकडून फार अपेक्षा नाही. पुरावस्तूंचा १९७२ चा केंद्रीय कायदा साधारणपणे शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंना लागू होतो. १९६० ची लेव्हल किंवा १९८० चा लग्नाचा रोल त्यात बसत नाही. म्हणून मागणी लहान आहे. सरकारी कार्यालयांत निर्लेखन होतं, म्हणजे जुनं सामान यादीतून काढून लिलावात टाकतात. त्या यादीतल्या दुर्बिणी, लेव्हल, फलकयंत्रं, मोजणीच्या साखळ्या लिलावाआधी बाजूला काढा. एक खोली द्या, जिल्हा ग्रंथालयात द्या, कॉलेजात द्या, कुठंही द्या. जिल्हा नियोजनातून कपाटं आणि एक स्कॅनर एवढा खर्च निघू शकतो. माझे ४१ कॅमेरे मी लिहून द्यायला तयार आहे. अट एकच, कॅमेऱ्यांच्या आधी निगेटिव्हचं कपाट भरायला घ्या.

तोवर घरी जे आहे ते सांभाळा. कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये कोंबून ठेवू नका. आपल्या तळ्यांच्या, धानाच्या मुलखात ओल कमी नाही, चामडं ती धरून ठेवतं आणि भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी येते. तांदळाच्या डब्यात तर बिलकुल ठेवू नका, पीठ आत जातं (हे मीही केलंय). निगेटिव्हच्या डब्याला शिरक्यासारखा आंबट वास यायला लागला तर फिल्म सडायला लागली समजा. असा डबा बाकीच्यांपासून वेगळा करा आणि त्याचं स्कॅनिंग आधी करा.

ज्यांच्या घरी कोणी फोटोग्राफर होते, त्यांनी इनबॉक्समध्ये गावाचं नाव टाका. स्कॅनर घेऊन मी येतो, तुमच्या ओसरीवर बसून काम करतो, निगेटिव्ह तुमच्याच घरी राहतील. पैसे घेत नाही. पवनी आणि लाखांदूरकडे दर रविवारी येणं होतं. या वेळी मोटारसायकलवर नाही, मित्राची व्हॅन आहे.