श्रावणाला कावीळ

परवा शनिवारी नेहमीप्रमाणे दादाकडे गेले होते. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वय ८४. गुडघ्यांमुळे गेली चार वर्षं तो गावी जाऊ शकलेला नाही. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात, पुण्याहून गाडीने सहा-सात तास. तेवढं बसणं त्याला झेपत नाही. म्हणून त्याचा नातू ऑगस्टमधल्या जोडून आलेल्या सुट्टीत मित्रांबरोबर गावी निघाला, तेव्हा दादाने त्याला एकच काम सांगितलं होतं. "येताना घराचं, शेताचं, सड्याचं सगळं शूटिंग करून आण. मला एकदा श्रावण बघायचाय."

पोराने मन लावून शूटिंग केलं, यात शंका नाही. वरून ड्रोनने घेतलेलं, खाली बांधावरून घेतलेलं, मागे बासरी. टी.व्ही.वर लावलं आणि आम्ही दोघं भावंडं पुढे सरसावून बसलो. दोन मिनिटं दादा काही बोललाच नाही. मला वाटलं गहिवरला असेल. मग म्हणाला, "अगं, भात पिवळं पडलंय."

आणि खरंच पडलं होतं! सगळं शेत पिवळसर. सडा सोनेरी, आंब्याची पानं तपकिरीकडे झुकलेली, आभाळ मधाच्या रंगाचं. माझ्या लक्षात यायच्या आत दादाने फोन उचलून आमची जमीन कसणाऱ्या शेजाऱ्याला लावला. "युरिया टाकलास की नाही? करपा आलाय का? मला सांगायचं तरी होतंस..." पलीकडचा बिचारा सांगत होता, "अहो आबा, भात हिरवंगार आहे, तुम्हाला कोणी सांगितलं?" दादा म्हणाला, "कोणी सांगायला कशाला पाहिजे, मी माझ्या डोळ्यांनी बघतोय!" वीस वर्षं इमानाने शेत करणाऱ्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल ते तुम्हीच ठरवा. त्याने "बरं" म्हणून फोन ठेवला.

संध्याकाळी नातू कामावरून आला आणि उलगडा झाला. "अहो आजोबा, तो वॉर्म फिल्टर आहे! ढगाळ हवेमुळे सगळं फारच डल दिसत होतं, म्हणून लावला."

तर मंडळी, आजचा विषय हा वॉर्म फिल्टर. कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं, असं आपण म्हणतो. इथे बघणारे धडधाकट, आणि कावीळ श्रावणाला.

मी काही छायाचित्रणातली जाणकार नाही. आयुष्यभर मराठी आणि भूगोल शिकवला. पण नातवाला खोदून खोदून विचारलं आणि थोडं वाचलं, त्यातून कळलं ते असं. प्रकाशाला रंगाच्या हिशेबाने 'तापमान' असतं, ते केल्विनमध्ये मोजतात. पणतीचा किंवा मेणबत्तीचा प्रकाश साधारण १९०० केल्विन, जुना पिवळा बल्ब २७००-२८००, भर दुपारचं ऊन ५५०० च्या आसपास, ढगाळ आभाळाचा उजेड ६५०० किंवा त्याहून जास्त. गंमत अशी की आकडा जितका कमी तितका प्रकाश पिवळा-तांबडा, म्हणजे ज्याला आपण 'उबदार' म्हणतो तो. पावसाळी उजेड आकड्याने मोठा, पण दिसायला निळसर, थंड. पूर्वी फिल्मच्या जमान्यात कॅमेऱ्याच्या भिंगापुढे खरोखरची रंगीत काच लावायचे. ८१ए नावाची फिकट तपकिरी काच किंचित ऊब आणायला, ८५ नंबरची नारिंगी काच घरातल्या दिव्यांसाठी बनवलेली फिल्म बाहेरच्या उन्हात वापरायची असेल तर. आता काच लागत नाही. मोबाईलमध्ये बोट सरकवलं की निळा उतरतो, तांबडा-पिवळा चढतो. आणि हिरव्यावर पिवळा चढला की पोपटीचा शेवाळी होतो आणि शेवाळीचा मातकट. आमच्या भाताचं तेच झालं.

आता कुणी म्हणेल, आजीबाईंना नवं काही आवडतच नाही. तसं नाही हो. उलट या फिल्टरचं कौतुक करायचं एक कारण माझ्याकडे आहे. दोन वर्षांपूर्वी भाट्याच्या किनाऱ्यावर मी माझ्या मोबाईलवर सूर्यास्त घेतला होता. डोळ्यांपुढे सगळं केशरी झालेलं, वाळूसुद्धा तांबूस, आणि मोबाईलमध्ये बघते तर राखाडी दुपार! कॅमेऱ्याला वाटतं की पांढरं ते पांढरंच दिसलं पाहिजे, म्हणून तो आपल्या शहाणपणाने संध्याकाळचा तांबूसपणा पुसून टाकतो. तेव्हा याच नातवाने बोट सरकवून ती ऊब परत आणून दिली आणि मी म्हटलं, "हां, अशीच होती." जे होतं आणि कॅमेऱ्याने खाल्लं, ते परत मिळवायला फिल्टर लावा, माझी काही हरकत नाही. जे नव्हतंच ते आणून ओतायला माझी हरकत आहे.

आणि पिवळ्या चष्म्याचं म्हणाल तर मी स्वतः कित्येक वर्षं तो लावून हिंडत होते! जूनमध्ये माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं, इतक्या हळूहळू की आपल्याला पत्ताही लागत नाही. पट्टी निघाल्यावर मी एकदा हा डोळा झाकून, एकदा तो डोळा झाकून घरभर फिरले. डाव्या डोळ्याने भिंत साय रंगाची, उजव्याने पांढरीशुभ्र. माझी जी साडी मी करडी म्हणून नेसत होते ती चक्क फिकट निळी निघाली. मोने या फ्रेंच चित्रकाराचं असंच झालं होतं. मोतीबिंदू वाढला तसे त्याच्या बागेतल्या पुलाचे रंग तांबडे-तपकिरी होत गेले, शेवटी १९२३ साली त्याने ऑपरेशन करून घेतलं. त्याचा नाइलाज होता. पंचविशीतल्या, शाबूत डोळ्यांच्या पोराने हौसेने मोतीबिंदू लावून का घ्यावा?

नातवाचं उत्तर तयार होतं. "अगं आजी, सिनेमावालेसुद्धा करतात." करतात, खरं आहे. त्यानेच मला दाखवलं. 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' हा २००० सालचा अमेरिकन सिनेमा. मिसिसिपीत उन्हाळ्यात शूटिंग झालं, तेव्हा तिकडे सगळं हिरवंगार होतं आणि दिग्दर्शक कोएन बंधूंना हवी होती १९३० च्या दशकातली धुळकट, सुकलेली भूमी. मग छायाचित्रकार रॉजर डीकिन्स यांनी अख्खा सिनेमा संगणकावर घेऊन हिरव्याचं सोनेरी करून टाकलं. थोडक्यात, आमच्या शेताचं जे झालं तेच, फक्त तिथे ते गोष्टीसाठी होतं आणि बघणाऱ्यालाही माहीत होतं की ही गोष्ट आहे. तिथलं भात कुणी फोन करून विचारणार नव्हतं.

पण सिनेमातही हा पिवळा रंग नेहमी निरागस असतो असं नाही. त्याच वर्षीच्या 'ट्रॅफिक' सिनेमात मेक्सिको आला की पडदा पिवळा होतो आणि अमेरिकेतलं ओहायो आलं की निळा. २०२० च्या 'एक्स्ट्रॅक्शन'मध्ये ढाका शहर असंच पिवळं करून ठेवलं, तेव्हा बऱ्याच प्रेक्षकांनी विचारलं होतं की गरीब देशांवर काय वेगळा सूर्य उगवतो का? ढाका म्हणजे नद्यांचा, पावसाचा, हिरवा मुलूख. म्हणजे कोकणाचा चुलतभाऊच म्हणा ना.

(हा नाद जुनाच आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमधले हौशी प्रवासी काळपट रंगाचा छोटा फुगीर आरसा खिशात घेऊन फिरायचे. देखाव्याकडे पाठ करून आरशात बघायचं, म्हणजे डोंगर तैलचित्रासारखा दिसतो. थॉमस ग्रे हा कवी १७६९ साली तो हातात धरून लेक डिस्ट्रिक्टमध्ये हिंडताना चिखलाच्या वाटेवर पाठीवर आपटला होता. सेल्फी काढताना पडणाऱ्यांचा मूळपुरुष!)

आता माझी खरी तक्रार. तो व्हिडिओ मी दुसऱ्यांदा नीट बघितला तेव्हा मला काय खटकतंय ते उमगलं. सगळीकडे कलत्या उन्हाचा रंग आहे, पण सावली कुठेच नाही. आंब्याची नाही, गोठ्याची नाही, बांधावर उभ्या माणसाची नाही. श्रावणातल्या ढगाळ उजेडात सावली पडत नाही, आणि फिल्टर रंग आणू शकतो, सावली आणू शकत नाही. सावली नसलेलं ऊन म्हणजे भुताचं ऊन. शेतातले बगळे बघा. त्या दिवसांत गायबगळ्याच्या डोक्या-मानेवर खरोखरच नारिंगी पिसं असतात, पण हा गडी शेपटीपर्यंत भगवा!

आणि 'डल' म्हणजे काय? ढगाळ उजेडात, पावसाने धुतलेल्या पानांवर उन्हाची चकाकी नसते, म्हणून तर हिरवा इतका गर्द दिसतो. भिजलेला जांभा अशा उजेडात जवळजवळ आमसुली दिसतो. आपल्या भाषेने उजेडाला किती नावं ठेवलीत बघा : झुंजुमुंजू, कोवळं ऊन, उन्हं उतरणं, तिन्हीसांज, दिवेलागण, कातरवेळ. शाळेत मी मुलांना हे शब्द फळ्यावर लिहून विचारायची की यातल्या कुठल्या वेळी तुमच्या घरी काय चाललेलं असतं. पाचवीतली मुलंसुद्धा फरक नेमका सांगायची. या फिल्टरने चोवीस तासांची एकच कातरवेळ करून टाकली आहे. सोनेरी सडा हवाच असेल तर दिवाळीनंतर जा ना बाबांनो! मार्गशीर्षात तिथलं गवत वाळून खरंच सोनं होतं, फुकट, सावलीसकट.

हे सगळं मी नातवाला ऐकवलं. तो म्हणाला, "आजी, एवढं काय, आवडतं लोकांना." मग मी त्याला माझ्या आईचा फोटो दाखवला.

आमच्याकडे आईच्या लग्नानंतरचा एकच फोटो आहे. कृष्णधवल, पण स्टुडिओवाल्याने त्या काळच्या पद्धतीप्रमाणे हाताने रंगवलेला. गालावर गुलाबी, दागिन्यांना पिवळा आणि साडीला डाळिंबी. आम्ही भावंडं त्या डाळिंबी साडीवरच वाढलो. माझ्या स्वतःच्या लग्नात मी हट्टाने तसाच रंग शोधून घेतला होता. पुढे आई गेल्यावर मावशी एकदा फोटो हातात घेऊन सहज म्हणाली, "अगं, ही साडी हिरवी होती. त्याच्याकडचा हिरवा संपला होता बहुतेक." मी थक्क झाले. कसली हिरवी, पोपटी की मोरपंखी, ते विचारायचं राहून गेलं. आता मावशीही नाही. कितीही डोळे मिटले तरी मला आई हिरव्या साडीत दिसत नाही. दिसते ती डाळिंबीतच.

पोरगा गप्प बसला. मग म्हणाला, "आजी, ओरिजनल माझ्याकडे आहे." काचेचा फिल्टर असता तर गेलंच होतं, हा एक फायदा मान्य केला पाहिजे.

काल संध्याकाळी त्याने ते मूळ शूटिंग आणून लावलं. बासरी नाही, फिल्टर नाही. पावसाचा आवाज, मध्ये कुणाच्या तरी हाका, आणि ढगाखालचा तो करडा उजेड. भात हिरवं, एका कोपऱ्यात जरा फिकट, बाकी गर्द. बगळे पांढरे. दादा काठीवर हनुवटी टेकून बघत होता. मध्येच म्हणाला, "थांब. जरा मागे घे. तो खालचा बांध फुटलाय बघ, पाणी वाहून चाललंय." पिवळ्या व्हिडिओत चिखल, पाणी आणि भात सगळं एकाच रंगाचं झालं होतं, तिथे तो बांध आम्हाला कुणालाच दिसला नव्हता.

दादाने फोन मागितला. मी म्हटलं, "दादा, आधी त्याची माफी माग." तो माझ्याकडे बघून हसला. फोन लागल्यावर म्हणाला, "अरे, चूक माझी झाली त्या दिवशी. भात फार छान आहे तुझं." मग थोडा वेळ पलीकडचं ऐकत राहिला आणि म्हणाला, "हो हो, दिसला मला. उद्या पाऊस उघडला की दोन दगड लाव तिथे."

फोन ठेवून त्याने नातवाला सांगितलं, "आता पहिल्यापासून लाव पुन्हा."