सात दिवसांचा हिशेब

गेल्या महिन्यात आमच्या भावजयीचे पित्ताशयातल्या खड्यांचे दुर्बिणीतून ऑपरेशन झाले. आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ डॉक्टरबाई वॉर्डात आल्या. पलंगाभोवती अम्मी, दोन खाला, आमचा भाऊ आणि डबा घेऊन आलेला शेजारचा मुलगा. "कुठल्या गोळ्या चालू आहेत?" बाईंनी विचारले. भावजयीने नाही म्हणून मान हलवली. ऑपरेशन नीट पार पडले, अल्हम्दुलिल्लाह. घरी आल्यावर बिलासोबतच्या औषधांच्या यादीत एक अनोळखी नाव दिसले, सुगामाडेक्स. मास्तरकीची खोड गप्प बसू देईना. आम्ही बाईंना फोन लावला.

त्यांनी सांगितले ते असे. भूल म्हणजे नुसती झोप नव्हे. पोटाचे स्नायू सैल पडावेत, घशात नळी सहज जावी म्हणून रोक्युरोनियमसारखे औषध देतात. एरवी मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन निघते, स्नायूवरच्या ठरलेल्या जागी बसते आणि स्नायू आकसतो. रोक्युरोनियम त्या जागा अडवून बसते. श्वासाचे स्नायूही थांबतात, तोवर यंत्र श्वास देते. मात्र शेवटी जागा मोकळ्या झाल्याच पाहिजेत, नाहीतर शुद्धीवर आलेल्या माणसाला धड श्वासही घेता येत नाही.

यावर जुने औषध निओस्टिग्मीन. ते रोक्युरोनियमला हातही लावत नाही. ॲसिटिलकोलीनचे विघटन रोखते, म्हणजे त्याची गर्दी वाढते आणि संगीत खुर्चीसारखी जागा परत मिळते. स्नायू फारच सैल असतील तर ही गर्दी पुरत नाही. शिवाय हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून जोडीला आणखी एक औषध द्यावे लागते.

सुगामाडेक्सची तऱ्हा वेगळी. स्कॉटलंडमधल्या ऑर्गनॉन कंपनीच्या प्रयोगशाळेत अँटन बॉम रोक्युरोनियम विरघळवायला काहीतरी शोधत होते, त्यातून हे हाती लागले. युरोपात 2008 मध्ये आणि अमेरिकेत 2015 मध्ये त्याला मान्यता मिळाली. ग्लुकोजच्या आठ कड्या जोडून केलेले हे पोकळ कडे आहे. रोक्युरोनियमचा एक रेणू एका कड्याच्या पोकळीत जाऊन घट्ट बसतो. कड्याच्या काठावरचे ऋण भार त्याच्या धन भाराला धरून ठेवतात. रक्तातले रोक्युरोनियम असे अडकले की स्नायूंजवळचे रक्तात उतरते, तेही अडकते, आणि कडे त्याच्यासकट लघवीवाटे बाहेर पडते. (अम्मींना मधुमेह आहे, त्यांनी लगेच विचारले, "मग साखर वाढेल का?" नाही. शरीर हे कडे फोडून ग्लुकोज काढत नाही.) ॲट्राक्युरियम नावाचे दुसरे सैल करणारे औषध मात्र यात मावत नाही, घडणच निराळी.

फोन ठेवता ठेवता बाई म्हणाल्या, "हे कडे हार्मोनच्या गोळ्यांनाही पकडू शकते. तुमच्या भावजय घेत नाहीत, म्हणून सांगितले नाही." रोक्युरोनियमचा सांगाडा आणि प्रोजेस्टेरॉनचा सांगाडा एकाच घराण्यातला, चार कड्यांचा. म्हणून पाळणा लांबवायच्या गोळ्यांतले हार्मोनही थोडेफार अडकते, जणू एखादी गोळी चुकावी तसे.

रात्री स्वयंपाकघरात आम्ही हे सगळे भावजयीला रंगवून सांगत होतो. ती भांडे पुसायची थांबली. "आपा, मी घेते. दोन वर्षे झाली."

अम्मींना ठाऊक नव्हते, खालांना तर नाहीच. भावाला ठाऊक होते, आणि तोही त्या संध्याकाळी पलंगाशीच उभा होता! त्याच्यावर आम्ही रागावलो, तिच्यावर नाही. सासू आणि दोन चुलत सासवांसमोर कोणती सून हो म्हणेल? बाईंनीही नातेवाइकांना दोन मिनिटे बाहेर काढायला हवे होते, आणि ते आम्ही त्यांना दुसऱ्या फोनवर स्पष्टच सांगितले. त्यांनी मान्य केले. मग म्हणाल्या, गोळ्या चालूच ठेवा, पण औषध दिल्यापासून सात दिवस हार्मोन नसलेला दुसरा उपायही वापरा. तीन महिन्यांचे इंजेक्शन घेणारीलाही हेच लागू. तांबी बसवलेली असेल तर चिंता नाही, तिच्यात हार्मोन नसते.

ऑपरेशन मंगळवारी झाले होते. भावजयीने कॅलेंडरवर पुढच्या मंगळवारी बारीकशी फुली मारली. अम्मींनी विचारले तेव्हा भाऊ म्हणाला, "टाके दाखवायला जायचंय."